मोनो कलर डेकसाठी बनवलेला क्यूब: बरेच महिने खेळून झाल्यावरचा अनुभव

सावंतवाडीतल्या आमच्या एका मित्राने मॅजिक द गॅदरिंग ह्या पत्त्यांच्या खेळाचा स्वतःचा क्यूब बनवलाय, म्हणजे पुन्हा पुन्हा खेळायला स्वतः निवडलेल्या कार्डांचा संच. 360 कार्डं, त्यात काही खरी, काही प्रॉक्सी (खऱ्या कार्डाच्या जागी वापरलेली नक्कल) आणि काही चक्क त्याने स्वतः डिझाइन केलेली. त्याचा हट्ट एकच, की ड्राफ्टमध्ये, म्हणजे पॅक फिरवत एकेक कार्ड उचलून आपला खेळायचा गठ्ठा (डेक) बनवताना, एकाच रंगाचा म्हणजे मोनो डेक हा खरा पर्याय असला पाहिजे, दुसरं काही जमलं नाही म्हणून केलेली तडजोड नाही. गेल्या गणपतीपासून आम्ही हाच खेळतोय, तेव्हा आता बोलायला हरकत नाही.

आधी अडचण काय असते ते सांगतो, कारण बरेच जण इथेच गंडतात. आठ जण, प्रत्येकी 15 कार्डांचे तीन पॅक, म्हणजे 360 कार्डं पूर्ण लागतात. डेक 40 चा, त्यात साधारण 17 लँड (कार्डं टाकायला लागणारी ऊर्जा, म्हणजे मना, देणारी कार्डं), उरली 23. आता क्यूबमध्ये पाचही रंगांची प्रत्येकी 50 कार्डं धरा आणि सगळे दोन रंग खेळतायत असं धरा, तर एका रंगाच्या मागे तीन-सव्वातीन माणसं लागतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला त्या रंगाची 15-16 कार्डं येतात. दोन रंगवाल्याला तेवढी पुरून उरतात. मोनोवाल्याला मात्र एकाच रंगातून 22-23 पाहिजेत, म्हणजे टेबलावरचा जवळजवळ अर्धा रंग त्याने एकट्याने उचलायचा, आणि शेजारचा गप्प बसणार आहे का? आमच्याकडे पहिल्याच ड्राफ्टला ऐकू आलं, "मेल्या, सगळो काळो तूच घेतलंस तर आमी काय खेळूचा?"

बहुतेक लोक यावर उपाय म्हणून मोनोवाल्याला बक्षीस देणारी कार्डं भरतात. 2019 च्या थ्रोन ऑफ एल्ड्रेन ह्या संचात ॲडमंट होतं, एकाच रंगाचे तीन मना खर्च केले की कार्ड जास्त काम करतं. 2013 च्या थेरॉसमध्ये डिव्होशन होतं, टेबलावरच्या आपल्या कार्डांच्या किमतीत एका रंगाची मनाची चिन्हं किती ते मोजायचं. त्यातला ग्रे मर्चंट ऑफ ॲस्फोडेल काळी चिन्हं मोजून समोरच्याचं तेवढं लाइफ खातो, तो आमच्या टेबलावर सगळ्यांच्या डोक्यात जातो. कार्डं मस्त आहेत, वाद नाही, पण बक्षीस कितीही मोठं ठेवा, डेकमध्ये घालायला बाविसावं आणि तेविसावं कार्डच नसेल तर ते बक्षीस घेऊन करायचं काय. ह्या मित्राने हे बरोबर ओळखलं आणि बक्षिसं मोजकीच ठेवून सगळी मेहनत खेळण्याजोग्या कार्डांची संख्या वाढवण्यावर घेतली. मला वाटतं क्यूब चालतो तो ह्याच्यामुळे.

त्याने केलं काय, तर रंगांच्या दहा जोड्यांना प्रत्येकी पाच जागा ठेवल्या आणि त्या पाचातली दोनच खरी गोल्ड कार्डं (दोन्ही रंगांचे मना लागणारी), बाकी तीन हायब्रिड. हायब्रिड म्हणजे दोनपैकी कुठल्याही एका रंगाच्या मनाने टाकता येतं ते, 2005 च्या रॅव्हनिकापासून आहे आणि 2008 च्या शॅडोमूर-इव्हनटाइडमध्ये तर ढिगाने आहे. एक रंग चार जोड्यांत येतो, म्हणजे प्रत्येक रंगाला 12 कार्डं वाढीव मिळाली, 50 ची 62 झाली आणि एक जागासुद्धा जास्त लागली नाही. वर हायब्रिडची चिन्हं डिव्होशनमध्येही मोजली जातात, त्यामुळे काळ्या डेकमध्ये डेमिगॉड ऑफ रिव्हेंज टेबलावर असताना ग्रे मर्चंट आला की समोरचा पत्ते गोळा करायला लागतो.

पण सगळी हायब्रिड सारखी नसतात, आणि हे मला खेळता खेळता दिसलं. ज्याच्या किमतीत हायब्रिड चिन्ह एकच आहे ते सगळ्यांनाच सहज चालतं. लाल-पांढरं असेल तर लालवाला घेतो, पांढरावाला घेतो, लाल-काळावाला पण घेतो, मोनोवाल्याला काय मिळालं? त्याउलट बोरोस रेकनरसारखं, जिथे तिन्ही चिन्हं हायब्रिड आहेत, ते लाल-काळ्या डेकसाठी सरळ सरळ तीन लाल मनाचं कार्ड होतं आणि तो ते सोडून देतो. म्हणजे जड हायब्रिड फिरत फिरत बरोबर मोनोवाल्याकडे किंवा नेमकी तीच जोडी खेळणाऱ्याकडे पोचतं. त्याच्या स्वतःच्या डिझाइन केलेल्या कार्डांत त्याने हेच केलंय, ताकद साधीच पण चिन्हं तीन. माझ्या मते क्यूबमधली सगळ्यात विचार करून बनवलेली कार्डं तीच.

तीन चिन्हांचं वजन किती असतं त्याचा हिशोबच देतो. 40 च्या डेकमध्ये 17 स्वॅम्प (काळे मना देणारे लँड) असतील आणि तुमची पाळी दुसरी असेल, तर तिसऱ्या टर्नपर्यंत 10 कार्डं बघून झालेली असतात आणि त्यात तीन स्वॅम्प असण्याची शक्यता साधारण 90 टक्के. तेच 9 स्वॅम्प आणि 8 दुसरं काही असेल तर 40 टक्के. म्हणून 2018 च्या डॉमिनारियातली ती पाच कार्डं, बेनालिश मार्शल, टेम्पेस्ट जिन, ड्रेड शेड, गॉब्लिन चेनव्हर्लर, स्टील लीफ चॅम्पियन, प्रत्येकाची किंमत आपल्याच रंगाची तीन चिन्हं, ही वेगळं काही बक्षीस न लिहिताही मोनोचं बक्षीसच आहेत.

बिनरंगी कार्डं त्याने 40 ठेवलीत आणि इथे थोडी कुरकुर आहे. चांगली इक्विपमेंट (प्राण्यांना चढवायची शस्त्रं) सगळेच पहिल्या दोन-तीन पिकात (कार्ड उचलायच्या पाळीत) उचलतात, मोनोवाल्यापर्यंत ती येतच नाहीत. त्यापेक्षा हेंज वॉकरसारखी हवीत, तीन मनाचा 2/2 प्राणी (मारायची ताकद 2, सोसायची 2), एकाच रंगाचे तीन मना दिले तर 3/3. दोन रंगवाला त्याच्याकडे ढुंकून बघत नाही, आणि मोनोवाल्याला दहाव्या पिकाला बिनबोभाट मिळतो. असली अजून पाच-सहा पाहिजेत. दोन रंगांचे लँड त्याने 20 च ठेवलेत ते मात्र उत्तम केलं, कारण लँड भरपूर असले की लोक तीन-तीन रंग खेळतात आणि मग एका रंगाला चिकटून राहण्यात अर्थच उरत नाही. (त्याचे आजोबा गंजिफा बघत मोठे झालेले, दशावतारी गंजिफेत दहा रंग, प्रत्येकात 12 पानं. आमचे पाच रंगांवरून वाद ऐकून म्हणाले, "पाचच? मगे एवढा डोक्याक ताप कसलो?")

आता कोकणातली खरी गोष्ट म्हणजे माणसं. गणपतीत आणि मे महिन्यात चाकरमानी आले की आठ जण आरामात जमतात, एरवी चारच. चार जणांत तीन पॅकने 180 कार्डंच उघडतात, म्हणजे तुमच्या रंगाची 62 मधली सरासरी 31 च येणार, तीही कधी 25 कधी 37, आणि मोनो हा जुगार होतो. आम्ही आता चौघं असलो की प्रत्येकी 15 चे पाच पॅक घेतो, प्रत्येक पॅकमधून नऊच पिक करतो आणि उरलेली सहा बाजूला टाकतो. पिक होतात 45 च पण 360 मधली 300 कार्डं टेबलावर येऊन जातात. चौघांत मोनो जमायला लागला तो ह्या बदलानंतरच, तेव्हा कमी माणसांत खेळणार असाल तर हे आधी करा, क्यूबमधली कार्डं नंतर बदला.

रंगाप्रमाणे सांगायचं तर लाल आणि पांढरा मोनो एकदम तयार, डोळे झाकून घ्या. काळा सगळ्यात मजेचा. हिरवा बरा आहे, पण समोरचा प्राणी मारायचा तर आपलाच प्राणी लढायला पाठवावा लागतो आणि मध्येच कुणी तो मारला की दोन कार्डं गेली, त्यामुळे हिरव्याच्या हायब्रिडमध्ये मारणारी कार्डं जास्त हवी होती.

पावसाळ्याबद्दल एकच, फॉइल (चकचकीत) कार्डं ह्या क्यूबमध्ये घेऊ नका. जूनपासून दमट हवेत ती अशी वाकतात की स्लीव्हमध्ये घातली तरी गठ्ठ्यात ओळखू येतात आणि मग शफल करून काय उपयोग.

सगळ्यात कच्चा दुवा निळा. टेम्पेस्ट जिन आपले आयलंड (निळे मना देणारे लँड) मोजून मोठा होतो ते ठीक, पण निळ्यात सुरुवातीला अडवायला प्राणी कमी, आणि काउंटरस्पेल (समोरच्याचं कार्ड रद्द करणारं कार्ड) हातात धरून बसलं तर तोवर लाल मोनो निम्मं लाइफ खाऊन गेलेला असतो. मित्राचं म्हणणं निळ्याच्या 12 हायब्रिडमधली निम्मी तरी दोन मनाच्या प्राण्यांची करूया, मला पटतं, कार्डं बनवायला घेतलीयत त्याने. ती येईपर्यंत पहिल्या पॅकमध्ये जिन दिसला तरी मी एकट्या निळ्यात जात नाही.