जुने घर मोडण्याआधी करून घेतलेली तपासणी

कोकणातले जुने चिऱ्याचे घर राखावे की मोडून नवे बांधावे, हा प्रश्न बहुतेक घरांत ठेकेदाराला बोलावून सोडवला जातो, आणि म्हणूनच बहुतेक वेळा त्याचे उत्तर ‘मोडा’ असे येते. गुहागर तालुक्यातील आमच्या घरासाठी आम्ही यंदा वेगळी वाट धरली. बांधकामाचे काम न घेणाऱ्या, केवळ तपासणी करून लेखी अहवाल देणाऱ्या एका संरचना अभियंत्यांना शुल्क देऊन बोलावले. ही सेवा कशी होती, तिचा उपयोग काय झाला आणि ती कोठे कमी पडली, हे अशाच पेचात असलेल्यांसाठी लिहीत आहे.

आधी घराविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. ओटी, माजघर, देवघर आणि माळा हा मूळ भाग जांभ्या चिऱ्याचा, मातीत रचलेला व चुन्याने गिलावा केलेला आहे. तुळया सागाच्या व फणसाच्या आहेत आणि वर मंगलोरी कौले आहेत. मागची पडवी, स्वयंपाकघर आणि न्हाणी ही पुढच्या पिढीने विटांत वाढवली. त्याच सुमारास बाहेरच्या भिंतींना खालून सिमेंटचा गिलावाही लावला गेला. अभियंत्यांच्या आधी दोन ठेकेदार येऊन गेले होते. दोघांनी फिरते माप घेतले, चौरस फुटाचा दर सांगितला आणि जुने लाकूड व चिरे आपण नेऊ, असे सांगितले. माळ्यावर मात्र दोघांपैकी कोणीही चढले नाही.

अभियंते आल्याबरोबर माळ्यावरच गेले. तुळई जिथे भिंतीत शिरते तेथे त्यांनी टोचा घालून पाहिला. पश्चिमेकडच्या दोन तुळयांची भिंतीतली टोके रंगाखाली संपूर्ण भुगा झालेली होती आणि टोचा मुठीपर्यंत आत गेला. त्याच तुळया हातभर पुढे इतक्या घट्ट होत्या, की लाकडावर ओरखड्यापलीकडे काही उमटले नाही. वाळवी आणि ओल यांचा मार त्या टोकांपुरताच होता. अख्खे छप्पर गेले, असे आम्ही ज्यामुळे समजत होतो तो दोष लाकडाचे टोक कापून, नवा जोड देऊन आणि खाली आधार घेऊन दुरुस्त होण्यासारखा निघाला.

भिंतींच्या बाबतीत तर याहून महत्त्वाची गोष्ट कळली. बाहेरून सिमेंटचा गिलावा फुगून पडत होता, आतून लोणा लागत होता, आणि आम्ही त्याचा दोष चिऱ्याला देत होतो. अभियंत्यांनी गिलाव्याचा एक तुकडा काढून आतल्या चिऱ्यावर हात ठेवायला लावला. कडक उन्हाळ्यातही तो ओला लागला. जांभा सच्छिद्र असल्याने जमिनीतली ओल शोषून घेतो आणि चुन्याच्या गिलाव्यातून ती बाहेर पडू शकते. सिमेंटने ती वाट बंद केल्यामुळे ओल भिंतीत अधिकाधिक वर चढत गेली. त्यांनी घरी राहणाऱ्या आमच्या काकूंना विचारले, “काकू, न्हाणीचं पाणी जातं कुठे?” काकू म्हणाल्या, “जातंय कुठे, तिथंच मागे जिरतं की!” पुढच्या सगळ्या निदानाचा धागा त्या एका उत्तरात होता. मागच्या भिंतीचा पाया त्याच पाण्याने खचत होता. भिंतींतल्या भेगा अजून वाढत आहेत का, हे कळावे म्हणून त्यांवर काचेच्या पट्ट्या चिकटवून पावसाळाभर ठेवल्या होत्या; भेग हलली की काच तडकते. गणपतीनंतरच्या भेटीत ओटीवरची पट्टी अखंड आढळली, तर पडवीची भिंत मूळ घराला जिथे नुसती टेकवलेली आहे तेथील पट्टी तडकली होती.

अहवालाचा निष्कर्ष असा आला, की ओटी, माजघर आणि देवघर राखावे. मागची पडवी, स्वयंपाकघर व न्हाणी उतरवून नव्या पायावर बांधावे. सांडपाण्याचा निचरा इतर सगळ्या कामांच्या आधी करावा. राखायच्या भागातल्या भिंतींच्या माथ्यावर चारी बाजूंनी त्यांना एकत्र बांधणारा सलग पट्टा घालून छप्पर त्याला बोल्टने जखडावे, असेही त्यात आहे. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धनकडील भागात छपरे उडवलेली पाहिल्यावर आणि 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप काकूंच्या आठवणीत असताना, या शिफारशीचे महत्त्व आम्हाला कोणी पटवून देण्याची गरज नव्हती.

नव्या बांधकामाविषयीही त्यांनी स्पष्ट लिहिले. खाऱ्या वाऱ्यात सळई लवकर गंजते. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे किनाऱ्यावरच्या उघड्या काँक्रीटसाठी किमान एम 30 प्रतीचे काँक्रीट आणि सळईवर 45 मिलिमीटरचे आवरण लागते. ठेकेदारांच्या दरपत्रकांत यातले काहीही नव्हते. म्हणजे ज्या स्वस्त नव्या घराशी आम्ही जुन्याची तुलना करत होतो, ते आमच्या हवेत टिकणारे घरच नव्हते. माझ्या मते या अहवालातली सर्वांत मोलाची ओळ हीच आहे.

आता उणिवा. अहवाल इंग्रजीत आहे, आणि घरात बारमाही राहणाऱ्या काकूंना तो वाचता येत नाही. अभियंत्यांनी तोंडी समजावून सांगितले हे खरे, पण निर्णय ज्यांनी घ्यायचा त्यांच्या हाती मराठीत दोन पाने तरी असायला हवी होती. दुरुस्तीच्या खर्चाचा अंदाज दिलेला नाही आणि विजेच्या जुन्या तारांची तपासणी या सेवेत येत नाही. कागदपत्रांचा भाग आपला आपणच पाहावा लागतो, आणि कोकणात तो लहान नाही. सातबारावर भाऊबंदांची सामायिक नावे असली, तर नव्या बांधकामाच्या परवानगीसाठी व कर्जासाठी सर्वांची संमती मिळवण्यात वर्षे जाऊ शकतात. घर समुद्राजवळ असेल तर 2019 च्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेनुसार विरळ वस्तीच्या ग्रामीण भागात भरतीरेषेपासून 200 मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही. तेथे अधिकृत जुन्या घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी मूळ जोत्याच्या मर्यादेतच होते. जुने घर अधिकृत असल्याचे कागद हाती नसताना ते मोडणे किती धोक्याचे आहे, हे यावरून लक्षात यावे.

शुल्क पंधरा हजार रुपये आणि प्रवासखर्च इतके होते. गावाकडे ही रक्कम अनेकांना उगाचची वाटेल. परंतु अहवालासोबत त्यांनी सुस्थितीतल्या प्रत्येक तुळईचे लांबी-जाडीसह माप लिहून दिले, आणि ठेकेदार ‘नेऊ’ म्हणत होते त्या सागाची किंमत त्या यादीवरून काढली, तेव्हा शुल्काच्या कितीतरी पट भरली.

ज्यांना अशी तपासणी करून घ्यायची आहे त्यांनी पहिली भेट पावसाआधी आणि दुसरी पावसानंतर ठरवावी, कारण भेग जिवंत आहे की जुनी, हे पाणी पडल्यावरच कळते. जांभा आणि लाकूडकाम यांचा अनुभव आहे का, हे आधी विचारावे. काँक्रीटच्या इमारती तपासणाऱ्यांची यंत्रे मातीत रचलेल्या चिऱ्याला लागू पडत नाहीत. मराठी सारांश आणि अंदाजपत्रक या दोन गोष्टी काम ठरवतानाच मागून घ्याव्यात, आणि तपासणी करणाऱ्याने पुढे बांधकामाचा ठेका घेऊ नये, ही अट लेखी असावी.