ऑनलाइन गोल्फ कोचिंग: सहा महिन्यांचा अनुभव
आम्ही वरूडकडचे संत्रावाले. पोरीला अमेरिकेत कॉलेज गोल्फ खेळायचं आहे, पण नागपूरच्या कोर्सवर स्कोर ९२, म्हणजे ९२ फटके; गोल्फमध्ये जितके कमी तितकं चांगलं. कोच सर पहिल्याच कॉलवर म्हणाले, "७२ चं नाव सध्या काढू नका. सहा महिन्यांत ८७." मला रागच आला. मग त्यांनी हिशोब मांडला: पार ७२ (चांगल्या खेळाडूकडून अपेक्षित एकूण फटके) मध्ये ३६ फटके पटिंगचेच, म्हणजे भोकाजवळच्या हिरवळीवर चेंडू हळूच घरंगळवायचे, धरलेले असतात; पोरगी ४१ घेत होती. तेव्हापासून सारवलेल्या अंगणात रोज तीन फुटांवरून शंभर पट. आता पट ३५, स्कोर ८६! डिव्हिजन थ्रीमध्ये (अमेरिकन कॉलेज खेळांचा तिसरा गट) खेळाची स्कॉलरशिप मिळत नाही, हेही त्यांनी आधीच सांगितलं. फी जड आहे. मृग बहार विकला तेव्हा भरली. व्हिडिओ पाठवायला पोरगी पाण्याच्या टाकीवर चढते. पुढचे सहा महिनेही सरांकडेच.