टेनर गिटार घेताय? तीन ट्युनिंग आणि त्यांच्या तारा

टेनर गिटारला चारच तारा, म्हणजे सहा तारांपेक्षा काम सोपं, असं समजून बरेच जण या वाद्याकडे वळतात. वाजवायला ते सोपं आहेही. गोंधळ होतो तो तारा आणताना. ‘टेनर गिटार’ असं छापलेलं पाकीट बहुधा एकाच ट्युनिंगसाठी बनवलेलं असतं आणि हे वाद्य प्रत्यक्षात तीन तऱ्हांनी लावलं जातं. त्यामुळे सूर कोणते लावायचे ते आधी पक्कं करा, दुकानात नंतर जा.

हे वाद्य अमेरिकेत १९२०च्या दशकात रुजलं. टेनर बँजो (चार तारांचा बँजो) वाजवणाऱ्यांना नवी बोटं न शिकता गिटारचा आवाज हवा होता, आणि गिब्सन, मार्टिन यांच्यासारख्या कंपन्यांनी तो चार तारांत दिला. म्हणून मूळ ट्युनिंगही बँजोचंच, सी-जी-डी-ए. तारेची वाजती लांबी साधारण २३ इंच असते. नेहमीच्या अकूस्टिक गिटारची २५ ते २५.५ इंच. हा दोन-अडीच इंचांचा फरक पुढच्या सगळ्या हिशेबात येतो.

जाडी इंचाच्या हजाराव्या भागात, जाड तारेकडून बारीक तारेकडे:

| ट्युनिंग | तारांची जाडी | कोणाला सोयीचं |
|---|---|---|
| सी-जी-डी-ए | ३२, २२, १४, १० | टेनर बँजोवाले, नव्याने शिकणारे |
| डी-जी-बी-ई | ३२, २४, १६, १२ | गिटारवाले |
| जी-डी-ए-ई | ४२, ३०, २०, १२ | मँडोलिन, व्हायोलिनवाले |

तिन्ही संचांचा एकूण ताण २३ इंचांवर ४० किलोच्या आसपास किंवा किंचित कमी भरतो, म्हणजे वाद्याला तिन्ही झेपतात. अडचण अदलाबदल केली की सुरू होते. सी-जी-डी-एचा संच तसाच ठेवून खुंट्या ढिल्या करत जी-डी-ए-ईपर्यंत उतरलात, तर ताण निम्म्याच्या जरा वर उरतो. तारा लोंबतात, फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांवर) आपटतात आणि दोष वाद्याला दिला जातो. उलट जी-डी-ए-ईचा जाड संच सी-जी-डी-एपर्यंत चढवला, तर ताण पावणेदोनपटीच्या वर जातो. शंभर वर्षांपूर्वीच्या जुन्या वाद्यावर हा प्रयोग अजिबात नको. ब्रिज, म्हणजे तारा अडकवायची पट्टी, उखडू शकतो.

आता निवड. गिटार येत असेल तर डी-जी-बी-ई हा सर्वांत आळशी आणि म्हणूनच मोहाचा रस्ता. गिटारच्या बारीक चार तारा त्याच, कॉर्ड त्याच, बारा-त्रेपन्नचा (सर्वांत बारीक तार १२, सर्वांत जाड ५३) साधा अकूस्टिक सेट कुठेही मिळतो. त्यातल्या शेवटच्या दोन जाड तारा बाजूला ठेवायच्या. हे ट्युनिंग कमअस्सल नाही. गिटारवादक टायनी ग्राइम्सने याच ट्युनिंगमध्ये इलेक्ट्रिक टेनर घेऊन १९४०च्या दशकात पियानोवादक आर्ट टेटमसोबत जॅझ वाजवलं. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर घरी सहा तारांची गिटार असताना केवळ यासाठी वेगळं वाद्य घेण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. नायलॉन तारांचा मऊ आवाज चालत असेल तर बॅरिटोन युकुलेलेही याच सुरांत लागते.

सी-जी-डी-ए मात्र खरोखर वेगळं काही देतं. शेजारच्या प्रत्येक दोन तारांत षड्ज-पंचमाचं अंतर, त्यामुळे कॉर्ड मोकळे, रुंद ऐकू येतात. सी मेजरसाठी दोनच बोटं लागतात: जाड दोन तारा मोकळ्या, तिसरीवर दुसरा फ्रेट, चौथीवर तिसरा. हाच आकार दोन घरं वर सरकवला आणि मोकळ्या तारांच्या जागी दुसरा फ्रेट दाबला की डी मेजर.

आपल्याकडच्या गाणाऱ्यांना यात आणखी एक सोय आहे. पांढरी एकमध्ये गाणाऱ्याला सी आणि जी या मोकळ्या तारा म्हणजे सा आणि प आयतेच. पांढरी दोन असेल तर बारीक दोन तारा, डी आणि ए. काळी एक हवी असेल तर पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा. भावगीताला साथ करताना तिसऱ्या स्वराची सक्ती नसलेली ही मोकळी जोडी गिटारच्या भरगच्च कॉर्डपेक्षा गळ्याला जास्त जागा देते, असं माझं मत आहे.

काळी चारमध्ये गाणाऱ्या बायकांनी जी-डी-ए-ई लावून पहिल्या फ्रेटवर कॅपो लावावा; सा-प तिथेही मोकळेच मिळतात. मँडोलिन किंवा पाश्चात्त्य पद्धतीचं व्हायोलिन वाजवणाऱ्यांना, गोव्यात असे पुष्कळ सापडतील, सगळी बोटं आधीच पाठ असतात, फक्त सूर एक सप्तक खाली. अडचण एकच: गिटारच्या साध्या सेटमधून हा संच नीट जमत नाही. बारा, बत्तीस आणि बेचाळीस चालतात, पण ए तारेसाठी चोवीसची फार ताठ होते आणि सोळाची जरा ढिली. वीसची तार सुटी मागवावी लागते.

धातूचं फार मनावर घेऊ नका. फॉस्फर ब्राँझ उबदार आणि टिकाऊ, ८०/२० ब्राँझ सुरुवातीला जास्त चमकदार पण लवकर मंदावतं. मुंबई-कोकणच्या दमट हवेत कोटेड (संरक्षक थर दिलेल्या) तारांना दिलेले जादा पैसे वसूल होतात; बारीक पोलादी तार पावसाळ्यात बघता बघता गंजते. विकत घेण्यापूर्वी तारेचं टोकही बघा. ब्रिजमध्ये पिना असतील तर गोळीचं टोक, जुन्या लोंबत्या टेलपीसला (वाद्याच्या कडेला अडकवलेल्या तारांच्या पट्टीला) बहुतेक वेळा लूप. बँजोच्या तारा लूपच्या असतात, घाईत त्याच उचलल्या जातात.

टेनर घ्यायचीच की नाही हे ठरत नसेल, तर लहान गिटारवर चाचणी करा. लिटल मार्टिनची लांबी २३ इंच, बेबी टेलरची पावणेतेवीस. तशी एखादी उसनी मिळाली तरी पुरे. कडेच्या दोन तारा काढा आणि मानेच्या टोकाच्या पट्टीतल्या मधल्या चार खाचांत सी-जी-डी-ए लावा. दहाची तार सोळाच्या खाचेत थोडी सैल बसेल, मोकळी वाजवताना झणझणेल. तेवढ्यावरून मत बनवू नका. खाच मुळात तिच्यासाठी कापलेलीच नाही.