मॉड_जेके आणि टॉमकॅट: काही महिने वापरल्यावर

पुढे अपाचे हा वेब सर्व्हर, मागे जावा ॲप्लिकेशन चालवणारा टॉमकॅट आणि मध्ये दोघांना जोडणारा अपाचेचा भाग मॉड_जेके अशी मांडणी मी गेले काही महिने सांभाळतोय. पान उघडलं नाही की सगळ्यांचा संशय आधी जावा ॲप्लिकेशनवर जातो. दुखणं मात्र बऱ्याचदा मधल्या जोडणीत असतं, आणि मॉड_जेकेचा लॉग ते चक्क सांगून टाकतो.

लॉगमध्ये एरर नंबर १११ म्हणजे त्या पोर्टवर कोणी ऐकतच नाही. १३ आला आणि एसईलिनक्स (लिनक्सची सुरक्षा यंत्रणा) चालू असेल, तर अपाचेला बाहेर कनेक्शन करायची परवानगी आहे का ते बघा. माझा सगळ्यात आवडता ‘राँग मेसेज फॉरमॅट ०एक्स४८५४’. ४८ आणि ५४ म्हणजे एच आणि टी, एचटीटीपीची पहिली दोन अक्षरं. वर्करला (मॉड_जेकेमधली टॉमकॅटची नोंद) एजेपीचा, म्हणजे मॉड_जेके टॉमकॅटशी ज्या प्रोटोकॉलने बोलतो त्याचा, ८००९ पोर्ट द्यायच्या ऐवजी एचटीटीपीचा ८०८० दिला की हेच दिसतं.

सर्वांत जास्त छळलं ते फायरवॉलने. रात्रभर वर्दळ नसली की सकाळच्या पहिल्या काही रिक्वेस्ट लटकायच्या, मग सगळं सुरळीत. टॉमकॅटच्या लॉगमध्ये काहीच नाही. निष्क्रिय कनेक्शन फायरवॉल गुपचूप टाकून देतो, दोन्ही टोकांना पत्ता नसतो आणि मॉड_जेके त्याच मेलेल्या सॉकेटवर रिक्वेस्ट पाठवून उत्तराची वाट बघत बसतो. उपाय म्हणजे निष्क्रिय कनेक्शन फायरवॉलच्या आधी आपणच बंद करायचं, आणि तो दोन्ही बाजूंनी करावा लागतो. वर्करमध्ये कनेक्शन_पूल_टाइमआउट ६०० आणि टॉमकॅटच्या एजेपी कनेक्टरमध्ये कनेक्शनटाइमआउट ६०००००. पहिला सेकंदांत, दुसरा मिलिसेकंदांत, इथे हमखास घोळ होतो. फायरवॉलची मुदत दहा मिनिटांहून कमी असेल तर दोन्ही आकडे त्याखाली आणा. पूल_मिनसाइझ शून्य करा, नाहीतर पूल (उघड्या ठेवलेल्या कनेक्शनचा साठा) पूर्ण रिकामा होत नाही. पिंग_मोड ‘ए’ ठेवला की रिक्वेस्ट पाठवण्याआधी कनेक्शन जिवंत आहे का हे तपासलं जातं. लिनक्सच्या कीपअलाइव्हवर (निष्क्रिय कनेक्शन जिवंत आहे का ते तपासायची सोय) विसंबू नका, त्याची मूळ मुदत दोन तासांची असते.

फेब्रुवारी २०२० मध्ये घोस्टकॅट ही टॉमकॅटच्या एजेपी कनेक्टरमधली सुरक्षा त्रुटी जाहीर झाली. त्यानंतर टॉमकॅट ९.०.३१ पासून एजेपी कनेक्टर मुळातच बंद असतो, चालू केला तरी फक्त लूपबॅकवर (त्याच मशीनवरून) ऐकतो आणि सिक्रेट (ठरलेला परवलीचा शब्द) मागतो. दोन्हीकडचं सिक्रेट जुळलं नाही की ४०३ (परवानगी नाही). अपग्रेडनंतर अचानक ४०३ दिसू लागले तर आधी हेच तपासा. हा बदल मला मनापासून पटला, कारण एजेपीला स्वतःचं एन्क्रिप्शन नाही.

चालू असलेली मांडणी मी मोडणार नाही. नवीन सर्व्हरसाठी मात्र मॉड_प्रॉक्सी_एचटीटीपी (टॉमकॅटशी एचटीटीपीने बोलणारा अपाचेचा भाग) घेतलाय, कारण टीएलएस (एन्क्रिप्शन) हवं आहे आणि कर्ल या कमांडने थेट टॉमकॅट तपासता येतो. एक लक्षात ठेवा: टॉमकॅट बंद असताना रिक्वेस्ट गेली, तर तो परत चालू झाल्यावरही मिनिटभर ५०३ (सेवा उपलब्ध नाही) येत राहतो. पुन्हा प्रयत्न करण्याआधी थांबायचा वेळ, म्हणजे ‘रिट्राय’चा मूळ आकडा, ६० सेकंद आहे. मागे एकच टॉमकॅट असल्याने मी तो शून्य ठेवलाय.