मॉस्को ते सेंट पीटर्सबर्ग: साप्सान की रात्रीची गाडी?
आईबाबांना घेऊन जाताय आणि तिकिटावर अडलायत ना, मग ऐका. अंतर साधारण 650 किमी. साप्सान, म्हणजे तिथली दिवसाची वेगवान ट्रेन, चारेक तासांत पोचवते, पण तिकीट जितकं उशिरा काढाल तितकं महाग, आणि दिवसातला मोठा तुकडा जातो तो वेगळाच. क्रास्नाया स्त्रेला ही रात्रीची गाडी रात्री 11:55 ला सुटते, सकाळी आठच्या सुमारास उतरायचं, हॉटेलची एक रात्र वाचते, शिवाय डब्यातली बाई धातूच्या नक्षीदार होल्डरमधल्या काचेच्या ग्लासात गरम चहा आणून देते, अहाहा! फक्त खालचे बर्थ आधीच धरा. पासपोर्ट दोन्ही गाड्यांत बघतात, आणि भारतातलं व्हिसा-मास्टरकार्ड तिथे चालत नाही, कॅश ठेवाच. झोप सावध असेल तर साप्सान, बजेट आणि दिवस वाचवायचा असेल तर रात्रीचीच.