गाडीतली पेट फर्स्ट एड पेटी: काय ठेवावं, काय काढून टाकावं

लाल चेनची ही पेटी ठाण्यातल्या पेट शॉपमध्ये आणि ऑनलाइनही ‘प्रवासासाठी’ म्हणून विकली जाते. घोडबंदर रोडवर सोसायटीच्या गेटबाहेर कुणाचा कुत्रा गाडीखाली आला, तर ती कितपत कामाला येईल? पाचपैकी अडीच गुण.

गॉझ रोल उत्तम, ५ सेंमी रुंद आणि चिवट. पण जखमेआधी तो तोंड बांधायला लागतो, हे माहितीपत्रकात कुठेच नाही. वेदनेत कुत्रा मालकालाही चावतो. मीटरभर पट्टीचा सैल फास मागच्या बाजूने नाकाडावर सरकवा, वर गाठ मारा, टोकं हनुवटीखाली आणून दुसरी गाठ, मग कानांमागे एका ओढीत सुटेल अशी सुरगाठ. उलटी होत असेल, धाप लागली असेल किंवा पगसारखं चपटं नाक असेल, तर तोंड बांधू नका. मांजराला टॉवेलात गुंडाळा, नाक मोकळं ठेवून. टॉवेल पेटीत नाही, वेगळा ठेवावा लागेल.

आवळपट्टी, म्हणजे रक्त थांबवायला पाय करकचून आवळायची पट्टी, काढून टाका. अनोळखी हातांनी ती चुकीच्या जागी बसते आणि चांगला पायही जातो. रक्त वाहत असेल तर जाड पॅड पाच मिनिटं न उचलता दाबून धरायचा. भिजला तर त्यावरच दुसरा. पेटीतले पॅड लॅब्रेडॉरच्या मांडीला पुरणार नाहीत.

सर्वांत वाईट म्हणजे ‘वेदनाशामक’ लिहिलेला रिकामा कप्पा. लोक त्यात घरातल्याच गोळ्या भरणार. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होतात. पाणी, दूधही नको, भूल द्यावी लागू शकते.

स्ट्रेचर नाही, पण हॅचबॅकचा मागचा पार्सल ट्रे चालतो. पाय धरून उचलू नका. पाठ सरळ ठेवून ट्रेवर सरकवा.

धडकेनंतर कुत्रा उठून पळाला की लोक सुटकेचा श्वास टाकतात. तिथेच घात होतो. मूत्राशय किंवा छातीखालचा पडदा फाटला असेल, तर लक्षणं दुसऱ्या दिवशीही दिसू शकतात. हिरडी बोटाने दाबून सोडा. गुलाबी रंग दोन सेकंदांत परतला नाही किंवा हिरडी पांढुरकी असेल, तर लगेच निघा. रंग ठीक असला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

पेटीतल्या कार्डावर कायद्याबद्दल अक्षरही नाही. बेदरकार ड्रायव्हिंगची जुन्या आयपीसीतली (भारतीय दंड संहिता, २०२४ मध्ये तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली) कलमं २७९ आणि ३३७ माणसांपुरती होती, प्राण्यांना लागू नव्हती, असं मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलं आहे. म्हणून जबाबदारी संपत नाही. पाळीव प्राणी कायद्याच्या नजरेत मालकाची मालमत्ता आहे, आणि मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १३४ नुसार दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं आणि जागेवर पोलीस नसतील, तर चालकाला जवळच्या पोलीस ठाण्यात २४ तासांच्या आत कळवावं लागतं. मालक सापडत नसेल तर पट्ट्यावरचा नंबर बघा, वॉचमनला विचारा. आमच्या मते पहिलं बिल चालकाने भरावं. कुत्रा साखळीत होता की मोकळा, हा वाद नंतर.

कार्डाच्या मागे रात्री उघडा असणाऱ्या जवळच्या दवाखान्याचा नंबर आजच लिहा, आणि तो खरंच रात्री उचलतात का हे फोन करून बघा. आयत्या वेळी घोडबंदरहून परळच्या जनावरांच्या दवाखान्यापर्यंत जाण्यात मोलाचा वेळ जातो.