कन्व्हर्टर पास, पत्रा नापास

गाडीच्या धुरातले विषारी वायू कमी करणारा हा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मृगाच्या तोंडावर बसवला होता, आता तूर सोंगून झाली. एवढ्या काळात चेक इंजिनचा दिवा परत लागला नाही, आवाजात फरक नाही, पिकअप होता तसाच आहे. तरी पाचपैकी तीनच तारे देतो आहे आणि तारे कापले ते मुख्यतः एका पत्र्यापायी.

गाडीचं मॉडेल लिहीत नाही. दोन दारांची, जमिनीला टेकलेली, कारंज्याच्या या अंगाला तशी दुसरी नाही. नाव लिहिलं की आख्खा तालुका ओळखेल. पी०४२० कोड (कन्व्हर्टर नीट काम करत नाही असं सांगणारा) ज्यांनी पाहिलाय त्यांना पुढचं सांगायला नको. कन्व्हर्टर चांगला असला की मागचा ऑक्सिजन सेन्सर शांत असतो, माझा मात्र पुढच्यासारखाच ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये नाचत होता आणि जुना कन्व्हर्टर ठोकला की आतली जाळी खुळखुळ वाजायची. मूळ पार्टचा भाव विचारला तर त्यात दोन एकर तुरीचं बी, खत, फवारणी सगळं होऊन वर पैसे उरले असते. म्हणून हा बाहेरचा मागवला, साडेअठरा हजारांत घरपोच.

आमच्या ट्रॅक्टरवाल्या मिस्त्रीचं म्हणणं वेगळंच. "काहून पैशे घालून राह्यला भाऊ? खाली पोकया पाइप टाक, गाडी अजून पयते." पळेलही. पण दिवा कायमचा पेटलेला, पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्याच्या वर, आणि पकडलं तर दहा हजारांपर्यंत दंड. शिवाय मागे बसलेल्या पोराच्या नाकात तो धूर जाणार. त्याला नाही म्हटलं, पण त्याच्याकडच्या चार लोखंडी घोड्या मात्र मागून आणल्या. विटांवर गाडी चढवून खाली शिरणाऱ्यांनी हा उद्योग करूच नये.

ऑर्डर टाकण्याआधी एक काम करा. जुना का मेला ते शोधा. माझ्याकडे प्लगला ठिणगी देणारी एक कॉइल अधूनमधून मिस मारत होती. न जळलेलं पेट्रोल पुढे जाऊन कन्व्हर्टरमध्ये जळतं आणि जाळी वितळते. कॉइल आणि प्लग बदलल्याशिवाय नवा टाकला तर तोही तसाच जाणार, मग शिव्या पार्टला घालू नका.

बसवायला एक दुपार गेली, आणि त्यातली अर्धी सेन्सरनेच खाल्ली. इंजिन थोडं कोमट करून, गंज सोडवायचा स्प्रे मारून, खाच असलेल्या २२ नंबरच्या पान्याने आधी किंचित आवळला, तेव्हा कुठे कर्रर्र करून सुटला. परत लावताना आट्यांना पेस्ट लावा, पण टोकाला लागू देऊ नका. एक स्टड मोडलाच, तिथे आरपार बोल्ट टाकला. नव्याचं वेल्डिंग स्वच्छ होतं, फक्त फ्लँजचं (पाइपला जोडायच्या चकतीचं) एक भोक जरा सरकलेलं होतं. कानस मारून बसवलं. डब्यातलं गॅस्केट पुठ्ठ्याच्या लायकीचं, ते फेकून धातूचं टाकलं. सिलिकॉन चोपडायचा मोह आवरा, त्याने सेन्सर बिघडतो.

मागचा सेन्सर ०.६५ च्या आसपास शांत उभा राहिलेला पाहिला तेव्हा मी चार तारे ठरवून टाकले होते.

मग सोयाबीन निघालं. समृद्धीवरून दमात आलो आणि नेहमीसारखी गाडी खळ्यात लावली. थ्रेशरचं कुटार पसरलेलं होतं, गाडी एवढी ठेंगणी की पोट कुटाराला लागत होतं. हातपाय धुऊन होईतो जळका वास आला. गाडी ढकलली तर खाली भाकरीएवढा काळा गोल, कडेला लाल ठिणग्या. बादलीभर पाण्यात विझलं. शेजारच्या काकांची गंजी दहा पावलांवर होती.

कन्व्हर्टर साधारण २५० ते ३०० अंशांनंतरच नीट काम करायला लागतो आणि जोरात चालवला की त्याच्या कितीतरी वर जातो. मूळ पार्टवर म्हणूनच दुहेरी पत्र्याचं कवच होतं. याच्यावर काहीच नाही, उघडा बोडका! विक्रेत्याला फोन लावला तर पलीकडून, "सर, आपकी गाडी पार्किंग में खडी होती है ना?" आमची पार्किंग म्हणजे खळं, गोठ्यासमोरचं अंगण आणि धुऱ्यावरचं वाळलेलं गवत. तीन वेळा समजावलं. शेवटी पुढच्या खरेदीवर पाचशेचं कूपन दिलं. पुढची खरेदी म्हणजे काय, दुसरा कन्व्हर्टर? त्या रात्री इथे दोन तारे लिहून ठेवले होते.

कवच मीच केलं. मिस्त्री छपराचा पत्रा कापायला निघाला होता, त्याला थांबवलं. त्यावर जस्त असतं, ते ४२० अंशांच्या आसपास वितळतं आणि त्याचा धूर छातीला वाईट. आईची बूड गेलेली स्टीलची कोठी होती, तिचा पत्रा वाकवला, बोटभर पोकळी ठेवून मोठ्या क्लिपांनी आवळला. आई अजून बोलते. २५०० आरपीएमला थरथरायचा, वॉशर वाढवल्यावर गप्प झाला. आता गाडी थांबवल्यावर खाली हात नेला तर आच लागते, पण कुटार पेटत नाही. तरी खळ्यात लावायची सवय मोडलीच.

तिसरा तारा पीयूसीने मिळवून दिला. कार्बन मोनॉक्साइड मर्यादेच्या खूप खाली, हायड्रोकार्बन २०० पीपीएमच्या आत. पीयूसीवाल्याने मशीन बरोबर आहे ना म्हणून नळी काढून परत घातली. म्हणजे आतला माल खरा आहे, हे मान्य करावंच लागेल.

जुना कन्व्हर्टर फेकू नका. भंगारवाला आधी लोखंडाच्या भावाने किलोवर घ्यायला बसला होता. आत प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम असतं म्हटल्यावर चुपचाप फोन काढून कोणाला तरी विचारायला लागला. चार हजारांत गेला, त्यात नव्या कॉइलचा खर्च निघाला. ते पाचशेचं कूपन अजून तसंच पडलंय, कोणाला हवं असेल तर सांगा.